जुन्या गाडीची ऑटोमॅटिक गिअरपेटी : दुखणे ओळखावे कसे, सांगावे कसे

लहानपणी पोलिओ झाल्यामुळे माझ्या डाव्या पायात बळ नाही. क्लच दाबणे मला कधी जमले नाही. त्यामुळे ऑटोमॅटिक गाडी ही माझी हौस नव्हे, गरज आहे. आमची सात आसनांची गाडी जुनी आहे, १ लाख ३० हजार किलोमीटर धावलेली. पण आईला दवाखान्यात न्यायचे असो, सणावारी गोतावळ्याला घेऊन इंदूरला जायचे असो, की धुळ्याला बहिणीकडे, मी कोणाच्या वेळेवर अवलंबून नसतो.

गेल्या वर्षी ऐन मे महिन्यात धुळ्याहून उज्जैनला परतत होतो. गाडीत सात माणसे, टपावर सामान, एसी चालू. शिरपूर मागे पडले, पळासनेरनंतर बिजासन घाट लागला आणि चढावर इंजिन ओरडू लागले. वेग मात्र वाढेना. कशीबशी सेंधव्याला पोहोचलो. तिथे चहा घेऊन निघताना गाडी जागची हलायलाच कुरकुर करू लागली. उज्जैनला आल्यावर एका कार्यशाळेत गाडी दाखवली आणि सांगितले, ‘गाडी उचलत नाही.’ त्यांनी यंत्र लावले, चक्कर मारली आणि निकाल दिला : पेटी गेली, पूर्ण बदलावी लागेल. खर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्याहून अधिक. घरात गाडी विकण्याची भाषा सुरू झाली.

विकण्याआधी आणखी एकाला विचारू, म्हणून आगर रोडवरच्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो. मी बोलू लागताच त्यांनी मला थांबवले. म्हणाले, ‘काका, क्या खराब है ये मत बताओ, वो मैं देखूँगा. आप ये बताओ कि गाड़ी कब करती है और क्या करती है.’ या एका वाक्याने माझी गाडी वाचली. ती कशी, हे समजण्यासाठी आधी ही पेटी चालते कशी ते पाहू.

साध्या गाडीत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये क्लचची तबकडी असते. पारंपरिक ऑटोमॅटिकमध्ये तिथे टॉर्क कन्व्हर्टर असतो. समोरासमोर दोन टेबलपंखे ठेवले आणि एकच सुरू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. इथे वाऱ्याच्या जागी तेल असते. इंजिनाला जोडलेला पंखा तेल फेकतो, ते तेल गिअरच्या बाजूचा पंखा फिरवते. जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर याने या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्ये घेतले ते जहाजांसाठी. मोटारीत पूर्ण स्वयंचलित पेटी मोठ्या प्रमाणावर आली ती अमेरिकेत, ‘हायड्रामॅटिक’ या नावाने, १९४० च्या मॉडेलांपासून.

पुढे पेटीत दातेरी चाकांचे संच असतात आणि कोणते चाक धरायचे, कोणते सोडायचे हे ठरवणाऱ्या क्लचच्या चकत्या असतात. या चकत्या दाबतो तो तेलाचाच दाब. हा दाब पंप निर्माण करतो, झडपांचा एक ठोकळा तो वाटून देतो आणि त्या झडपा उघडझाप करतात सोलेनॉइडच्या इशाऱ्यावर. सोलेनॉइड म्हणजे विजेवर चालणारी छोटी झडप. तिला हुकूम देतो गाडीचा संगणक. थोडक्यात, या पेटीत तेल तीन कामे करते : ताकद वाहून नेते, चकत्या दाबते, आणि वंगण देऊन उष्णता बाहेर काढते. म्हणून कोणत्याही दुखण्यात पहिला संशय तेलावर घ्यायचा.

आता मिस्त्रींचा प्रश्न. गाडी काय करते? मराठीत यासाठी चार चांगली क्रियापदे आहेत आणि ती एकमेकांऐवजी वापरू नयेत.

गाडी ‘घसरते’ : इंजिनाचे फेरे वाढतात, वेग वाढत नाही. चकत्यांची पकड सुटते आहे. तेल कमी, दाब कमी, किंवा चकत्या झिजलेल्या.

गाडी ‘उशीर करते’ : दांडी डी किंवा आरमध्ये टाकल्यावर दोन-तीन सेकंदांनी जोर येतो. चकतीपर्यंत दाब वेळेवर पोहोचत नाही.

गाडी ‘झटका देते’ : गिअर बदलताना धक्का बसतो. दाबाचे नियंत्रण बिघडलेले असते, किंवा इंजिन-पेटीचे रबरी आधार फाटलेले असतात. दुसऱ्या कारणात पेटीचा काहीच दोष नसतो.

गाडी ‘अडकते’ : गिअर बदलतच नाही. संगणकाला विजेच्या मार्गात दोष दिसला की पेटी वाचवण्यासाठी तो गाडी एकाच गिअरमध्ये, बहुधा तिसऱ्यात, रोखून ठेवतो. मग थांबलेली गाडी तिसऱ्या गिअरवर निघते, म्हणून जड वाटते.

मी ‘उचलत नाही’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला होता. घाटात गाडी घसरत होती. सेंधव्यात ती अडकली होती. तिथे फेरे वाढत नव्हते, जोरच नव्हता. मिस्त्रींनी विचारले, ‘चाबी बंद करके वापस चालू की तो?’ मला आठवले, पुढे एकदा पेट्रोल भरायला थांबल्यावर गाडी काही काळ ठीक चालली होती. झिजलेली चकती किल्ली फिरवून बरी होत नाही. म्हणजे आजार एक नव्हता, दोन होते.

तपासणी क्रमाने झाली. आधी तेल. ज्या गाडीला तेलपट्टी असते तिथे पद्धत अशी : गाडी सपाटीवर उभी, पेटी गरम, इंजिन चालू, ब्रेक दाबून दांडी सगळ्या जागांवरून फिरवून परत पीवर, मग पट्टी पुसून माप. पट्टी नसेल तर हे काम जॅकवर, ठरावीक तापमानाला, जाणकारानेच करावे. चांगले तेल बहुधा लाल व पारदर्शक असते. काळे आणि जळका वास म्हणजे चकत्या जळाल्या. दुधाळ गुलाबी म्हणजे रेडिएटरमधले पाणी आत शिरले. आमचे तेल तपकिरी होते आणि पातळी खुणेच्या बरीच खाली. चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचे सील पाझरत होते. सपाटीवर तेवढे तेल पुरत होते. चढावर ते पेटीत एका बाजूला सरकले की पंप हवा ओढत होता, दाब पडत होता आणि चकत्या घसरत होत्या.

मग खालचा तवा उघडला. त्यात लोहचुंबक असते. त्यावर बारीक करडा लेप असणे स्वाभाविक आहे, कारण झीज होतच असते. धातूचे तुकडे किंवा चकत्यांचे पापुद्रे दिसले तर पेटी खोलावीच लागते. आमच्याकडे फक्त लेप होता. सील, गाळणी आणि तेल बदलले. घसरणे थांबले.

पण अर्धा तास चालवल्यावर गाडी पुन्हा अडकली. आता यंत्र लावले. पहिल्या कार्यशाळेलाही हाच कोड मिळाला असणार. इथे एक गैरसमज मोठा आहे. पी ०७०० हा कोड इतकेच सांगतो की पेटीच्या संगणकाला विचारा. त्यापुढचा कोड विजेच्या मार्गाचे नाव सांगतो. दोष तारेत आहे, जोडणीत आहे की सोलेनॉइडमध्ये, हे मोजल्याशिवाय कळत नाही. अनेक जपानी रचनेच्या पेट्यांत असे सोलेनॉइड थंडपणी ११ ते १५ ओहम दाखवतात. आमचे थंडपणी १३ दाखवत होते, म्हणजे निर्दोष. मिस्त्रींनी ते गरम तेलात ठेवून पुन्हा मोजले, तेव्हा मार्ग तुटलेला निघाला. आतली तार तापल्यावर सुटत होती. सोलेनॉइड बदलले. दोन्ही दुरुस्त्या मिळून साडेतेरा हजार रुपये झाले.

तेलाबद्दल एक इशारा. ‘ऑटोमॅटिक’ हा शब्द आपण तीन-चार वेगळ्या यंत्रांना लावतो. एएमटी ही मुळात साधी पेटी, तिचा क्लच यंत्र दाबते. सीव्हीटीमध्ये पट्टा किंवा साखळी आणि कप्प्या असतात. प्रत्येकीचे तेल वेगळे. अमेरिकेतील क्रायसलरच्या मिनीव्हॅनमध्ये १९८९ पासून चार गतींची संगणकनियंत्रित पेटी आली, तेव्हा तिला विशिष्ट तेल लागत असे, पण मालकाच्या पुस्तिकेत आणि तेलपट्टीवर दुसरेही चालेल असे छापलेले होते. लोकांनी ते वापरले आणि पेट्या बिघडत गेल्या. ‘चालेल’ या शब्दाची किंमत किती असू शकते, हे भाषेच्या माणसांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. शिवाय तवा रिकामा केला तरी बरेच तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहते. म्हणून जुने तेल फार खराब असेल तर काही दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा बदलावे लागते.

माझा स्वतःचा दोषही कबूल केला पाहिजे. सकाळी गाडी जिथे उभी असे तिथे फरशीवर लालसर डाग पडत होता. मी वर्षभर तो पुसत होतो. इंजिनाचे तेल असे लाल नसते, हे ठाऊक असते तर घाटात ती वेळ आली नसती.

आता गाडीच्या कप्प्यात एक वही असते. काही वेगळे जाणवले की पाच गोष्टी लिहितो : गाडी थंड होती की गरम, रस्ता कसा, वजन किती, फेरे वाढले का, किल्ली फिरवल्यावर फरक पडला का. डॉक्टरकडे जाताना आपण ताप कधी येतो ते सांगतो, रोगाचे नाव सांगत नाही. गाडीचेही तसेच.

दिवाळीनंतर भाऊबीजेला पुन्हा धुळ्याला गेलो, तितकीच माणसे घेऊन. परतताना बिजासन चढून सेंधव्याला चहा घेतला आणि वहीत लिहिले : गरम, पूर्ण वजन, चढ. घसरली नाही. अडकली नाही.