एक टीव्ही, दोन शिलेदार

१५ नोव्हेंबर २००१ रोजी अमेरिकेत मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स गेम-कन्सोल आला आणि त्याच्यासोबत बंजी स्टुडिओचा ‘हेलो’. गेम गोळीबाराचा, पण घरात तो रुळला तो एका सोयीमुळे. दुसरा कंट्रोलर जोडला की टीव्हीच्या मधोमध आडवी रेघ येई; वरचा अर्धा पडदा एकाचा, खालचा दुसऱ्याचा. मग अवाढव्य कंकणाच्या आकाराच्या जगात दोघांनी मिळून ‘कव्हेनंट’ या परग्रहावरच्या फौजेशी लढायचं. याला म्हणतात स्प्लिट-स्क्रीन.

घरात सगळ्यांचा हात सारखा बसलेला नसतो. डाव्या अंगठ्याने चालायचं आणि उजव्याने मान वळवायची, एवढं जमेपर्यंत नवख्याचा वेळ आभाळ आणि जमीन पाहण्यातच जातो. ‘हेलो’ने त्याला सांभाळून घेतलं. एकजण मेला तरी जोडीदार सुरक्षित जागी पोचला की तो पुन्हा हजर. म्हणून ‘बाबा, तुम्ही खडकामागेच थांबा’ ही खरीखुरी रणनीती ठरते. वॉर्टहॉग जीप एकाने चालवायची, दुसऱ्याने मागच्या बंदुकीवर उभं राहायचं. जीप उलटली की दोष ड्रायव्हरचा. आपल्याच माणसाची गोळीही लागते, त्यामुळे भावंडांत ‘चुकून लागली’ यावर वाद ठरलेला. एकमेकांविरुद्ध खेळताना तर ‘माझ्या पडद्यात बघू नकोस’ हे पालुपद चालूच.

ही गंमत यंत्राला मात्र महागात पडते. एकच प्रसंग दोन बाजूंनी, एकाच वेळी रंगवायचा, म्हणजे कन्सोलवरचा भार खूपच वाढतो. २०१५ च्या ‘हेलो ५’मध्ये सेकंदाला ६० चित्रांचा वेग गाठण्यासाठी ही सोयच काढून टाकली. आता दोघांना खेळायचं तर दोन कन्सोल, दोन टीव्ही, गेमच्या दोन प्रती! चाहते इतके चिडले, की यापुढच्या ‘हेलो’ शूटरमध्ये स्प्लिट-स्क्रीन असेलच, असा शब्द ‘हेलो ५’ बनवणाऱ्या ३४३ इंडस्ट्रीजच्या तत्कालीन प्रमुख बॉनी रॉस यांनी २०१७ मध्ये दिला. २०२१ च्या ‘हेलो इन्फिनिट’मध्ये एकमेकांविरुद्धच्या सामन्यांपुरता तो पाळला गेला, पण त्या गेमची कथा एका पडद्यावर मिळून खेळण्याची योजना सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द झाली.

तेव्हा घरच्यांसाठी गेम घेताना दोन गोष्टी तपासा. पहिली, वयाची. पहिल्या ‘हेलो’ला अमेरिकेत १७ वर्षांवरील, तर ‘हेलो ५’ आणि ‘इन्फिनिट’ला १३ वर्षांवरील मानांकन आहे. दुसरी, ‘को-ऑप’ म्हणजे मिळून खेळण्याची सोय ऑनलाइन आहे की लोकल, म्हणजे एकाच टीव्हीवरची. जुन्या कथा एका टीव्हीवर जोडीने खेळायच्या असतील, तर एक्सबॉक्सवरचं ‘मास्टर चीफ कलेक्शन’ घ्या. ‘मल्टिप्लेयर’ एवढाच शब्द वाचून पैसे मोजू नका; त्यात शेजारी बसलेल्या माणसाला जागा असेलच असं नाही.