पंखे सहा, तरी कॅबिनेट तापलेलंच

भोसरी एमआयडीसीतल्या किंवा चाकणच्या लहान कारखान्यात सीएनसीचे प्रोग्रॅम बनवणारा डेस्कटॉप एप्रिल-मेमध्ये रेंगाळू लागला, की पहिला सल्ला मिळतो तो आणखी पंखे बसवण्याचा. पण पंखा हवा गार करत नाही, नुसती हलवतो. खोलीत ३८ अंश असतील तर कॅबिनेटमधली हवा त्याखाली उतरणं शक्यच नाही. आतले भाग मिळून ३०० वॅट उष्णता टाकत असतील आणि मिनिटाला ५० घनफूट हवा आरपार जात असेल, तर बाहेर पडणारी हवा आत शिरणाऱ्या हवेपेक्षा सुमारे १२ अंशांनी गरम असते. (हा पट्टा समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून उंच, त्यामुळे हवा किंचित विरळ, तेही यात धरलं आहे.) हवा दुप्पट केली की हा फरक सहावर येतो, चौपट केली की तीनवर. म्हणजे खर्च आणि आवाज वाढत जातात आणि पदरात पडणारे अंश दर वेळी निम्मे होतात. त्यातही पंख्याच्या खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी, फिल्टर आणि वायरींचा गुंता पार करताना तो बराच घसरतो.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की बाजूचा पत्रा काढला तर तापमान खरंच उतरतं. उतरतं कधीकधी, हे मान्य. पण त्यातून पत्रा निरुपयोगी ठरत नाही, समोरून हवा आत येण्याची वाट तुंबली आहे एवढंच कळतं. समोर काचेचं तावदान आणि त्यामागे तीन पंखे अशी दिखाऊ रचना असेल तर ते तुंबणारच. गरम हवा वर जाते, म्हणून वरचे पंखे हवेत असाही एक समज आहे. नियम खरा आहे, पण संथ फिरणारा पंखासुद्धा त्या नैसर्गिक प्रवाहावर सहज मात करतो. मागचा आणि वरचा पंखा हवा बाहेर टाकणारा ठेवायचा, तो प्रोसेसर त्याच कोपऱ्यात असतो म्हणून.

पत्रा काढू नये याचं मोठं कारण मात्र इथल्या हवेत आहे. ग्राइंडिंगची भुकटी आणि कूलंटचं तेलकट धुकं एकत्र आले की हीटसिंकच्या पात्यांवर चिकट थर बसतो. तो ब्लोअरने सुटत नाही. शिवाय लोखंडाची भुकटी वीजवाहक असते. म्हणून आत घेणारी हवा बाहेर टाकणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवावी: समोर फिल्टरमागे दोन पंखे, मागे एक. मग फटींतून हवा बाहेर जाते, धूळ आत खेचली जात नाही. फिल्टरने हवा अडते हा आक्षेपही रास्त आहे, आणि फिल्टर तुंबला की आतला जादा दाब संपून फटींतून धूळ शिरू लागते. म्हणून शॉपफ्लोअरवर तो दर आठवड्याला झाडावा लागतो, आणि कॅबिनेटही पत्र्याच्या शेडमधल्या मशीनशेजारी नव्हे, ऑफिसच्या पार्टिशनमागे, जमिनीपासून हातभर उंच ठेवावं लागतं.