राजमार्गावर जकातनाके नकोत!

टपालवाला पत्र पोचवितो. ते सावकाराचे की मजुराचे हे पाहून तो पावले जलद वा मंद टाकीत नाही. हाच न्याय इंटरनेटला लावावा, एवढेच 'नेट न्यूट्रॅलिटी' ह्या बोजड शब्दाचे मर्म आहे. डेटाचे दाम ग्राहकाने मोजले की त्यातून काय वाचावे, काय पाहावे, हे ठरविण्याचा अधिकार त्याचा. दूरसंचार कंपनीचा नव्हे.

हा अधिकार आपणांस आयता लाभलेला नाही. २०१५ साली एअरटेलची 'एअरटेल झीरो' आणि फेसबुकची 'फ्री बेसिक्स' ह्या योजना पुढे आल्या. निवडक सेवा फुकट आणि उरलेले सारे इंटरनेट विकत, असा त्यांचा मासला होता. ह्या दानामागील डाव सुजाण नागरिकांनी ओळखला. लाखोंनी 'ट्राय'कडे निषेध नोंदविला. अखेर ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकूर पाहून वेगवेगळे दर आकारण्यास बंदी घातली आणि नियमभंगास दिवसाला ५० हजार, कमाल ५० लाख रुपये दंड ठेवला. २०१८ साली सरकारने मजकूर अडविणे, मंदावणे वा त्यास खास वेग देणे ह्यांसही मनाई केली.

पण पुढचे दार बंद होताच मागचे दार ठोठावले जाते! चित्रफिती आणि संदेश पोचविणाऱ्या बड्या कंपन्यांनी जाळ्याच्या खर्चाचा वाटा उचलावा, अशी मागणी दूरसंचार कंपन्यांनी २०२३ साली जोराने मांडली. मनोरे आणि स्पेक्ट्रम ह्यांवर त्यांचा अफाट पैसा खर्च होतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्याची किंमत ग्राहक दर रिचार्जला मोजतोच. मग त्याच मालावर दुसरी जकात कशासाठी?

दक्षिण कोरियाचे उदाहरण बोलके आहे. तेथील जाळ्याचे शुल्क परवडत नाही, असे सांगून अॅमेझॉनच्या मालकीच्या 'ट्विच'ने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या देशातून काढता पाय घेतला. जेथे असे धनाढ्य टिकत नाहीत, तेथे भांडवल नसलेल्या मराठी प्रकाशकाची वा होतकरू उद्योजकाची काय कथा? आज जकात बड्यांवर बसेल, हे खरे. पण नाका एकदा उभा राहिला की उद्या कोणास अडवावे हे नाकेदारच ठरवितो.

खर्च भागत नसेल तर कंपन्यांनी ग्राहकाकडे उघडपणे दर वाढवून मागावेत; त्यांचा हिशेब जनता तपासून घेईल. सरकारने मात्र २०१६ आणि २०१८ चा शब्द पाळावा. राजमार्ग सर्वांचा आहे, तो सर्वांनाच मोकळा राहिला पाहिजे!