'प्रेसिडियम' : एक शब्द, अनेक अर्थ

लिजन ऑफ मेरीचे आपले बंधुभगिनी साप्ताहिक सभेला निघताना 'आज आमचे प्रेसिडियम आहे' असे सहज म्हणतात. सोव्हिएत संघातील सर्वोच्च सभेच्या मंडळासही 'प्रेसिडियम'च म्हणत असत. निरीश्वरवादी राजवटीचे मंडळ आणि पवित्र मरियेच्या नावाने जमणारा गट यांना एकच नाव कसे? याचा थोडा उलगडा आम्ही येथे करीत आहोत.

लॅटिन भाषेत 'प्रे' म्हणजे पुढे व 'सेदेरे' म्हणजे बसणे. समोर बसून राखण करणे हा 'प्रेसिडियम'चा मूळ भाव. रोमन सैन्यात ठाणे राखणाऱ्या शिबंदीला आणि त्या ठाण्यालाही हा शब्द लावीत.

स्पॅनिश भाषेत त्याचे 'प्रेसिदियो' झाले. अमेरिकेतील सान फ्रान्सिस्कोचे प्रेसिदियो हे १७७६ साली उभारलेले असेच लष्करी ठाणे. पण उत्तर आफ्रिकेतील सेउता, मेलिया येथील ठाण्यांत गुन्हेगारांना शिक्षा भोगण्यासाठी धाडले जाई. परिणामी स्पॅनिशमध्ये, तसेच पोर्तुगीजमध्येही, या शब्दाला तुरुंग हा अर्थ चिकटला. राखण करणारेच डांबून ठेवणारे झाले! इटालियन भाषेत मात्र शिबंदी हा अर्थ टिकला. शिवाय कारखान्याच्या दारात ठाण मांडणाऱ्या कामगारांच्या निदर्शनासही तेथे 'प्रेसिदियो' म्हणतात. आपला 'ठिय्या' हा शब्द त्याच्या अगदी जवळचा आहे.

जर्मन भाषेने 'पुढे बसणे' तेवढे उचलले. तेथे 'प्रेसिडियम' म्हणजे अध्यक्षमंडळ, आणि पोलीस मुख्यालयही. रशियन अर्थ याच वळणाचा. 'प्रेसिडेंट' हा शब्दही त्याच क्रियापदापासून आला आहे.

फ्रँक डफ यांनी १९२१ साली डब्लिन येथे लिजनची स्थापना केली. पुढे संघटनेने रोमन सैन्याची परिभाषा स्वीकारली आणि स्थानिक गटाला प्रेसिडियम हे नाव मिळाले. ही लष्करी छटा सर्वत्र निरुपद्रवी ठरली नाही. चिनी भाषेत लिजनचे नाव 'पवित्र मातेचे सैन्य' अशा अर्थाचे होते. १९५१ साली तेथील साम्यवादी सरकारने लिजनला क्रांतिविरोधी ठरविले. तिचा प्रसार करणारे आयरिश मिशनरी फादर एडन मॅकग्रा यांना त्याच वर्षी अटक झाली व १९५४ पर्यंत त्यांना कारावास भोगावा लागला.

वास्तविक हा शब्द ख्रिस्तसभेत लिजनच्या पुष्कळ आधीपासून रुळलेला आहे. पवित्र मरियेच्या आश्रयाची याचना करणारी 'सुब तुउम प्रेसिडियम' ही प्रार्थना अतिप्राचीन आहे. तिच्या मूळ ग्रीक पाठात या जागी शिबंदी वा ठाणे नाही. तेथे मातेच्या अंतःकरणातील कळवळा सांगणारा शब्द आहे. रोमन पाठात त्याचे 'प्रेसिडियम' झाले. मिलानच्या अँब्रोशियन उपासनाविधीत मात्र त्याच जागी आजही 'मिझेरिकोर्दिया', म्हणजे दया, हा शब्द आहे.