यंत्राला घाम कळत नाही

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तिथून निघणाऱ्या सूक्ष्म विद्युत लहरींमुळे हृदय मिनिटाला साधारण 60 ते 100 ठोके देते. हा पुंजका थकला किंवा लहरींची वाट अडली, की ठोके मंदावतात; भोवळ येते, कधी प्राणावर बेतते. अशा वेळी छातीच्या वरच्या भागात, कातडीखाली ‘पेसमेकर’ बसवतात.

शरीरात पूर्णपणे बसवलेला पहिला पेसमेकर 8 ऑक्टोबर 1958 रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना मिळाला. तो काही तासच चालला. पण पुढे यंत्रे बदलत लार्सन 2001 पर्यंत जगले. सुरुवातीची यंत्रे एकाच गतीने ठोके देत. माणूस झोपलेला असो की धावत असो. नंतरची यंत्रे हृदयाचा स्वतःचा ठोका ओळखू लागली. तो पडला तर गप्प राहायचे, चुकला तरच आपण द्यायचा. आजची अनेक यंत्रे किती जोराचा स्पंद पुरतो हे स्वतःच तपासून बॅटरी वाचवतात आणि शरीराची हालचाल पाहून गती कमीजास्त करतात.

माझा मुद्दा इथे सुरू होतो. हालचाल म्हणजे श्रम नव्हे. आतला संवेदक शरीराचे हेलकावे मोजतो. चालणाऱ्याला ते पुरते. पण जिना चढताना श्रम जास्त नि हेलकावे कमी, उतरताना उलटे. म्हणून केवळ हालचालीवर चालणारे यंत्र उतरतानाच जास्त गती देऊ शकते. माझ्या वडिलांनी आयुष्यभर पाठीवर पोती वाहिली. ओझ्याखालचा माणूस जपून, संथ पावले टाकतो. आत मात्र रक्ताची मागणी वाढलेली असते. सायकल मारणाऱ्याचेही तेच.

यावर उपाय आहे. काही यंत्रांत श्वासाचा वेग आणि खोली मोजणारा संवेदक असतो. शिवाय बसवलेल्या यंत्राची मापे डॉक्टर चिरफाड न करता बाहेरून बदलू शकतात. पण त्यासाठी रुग्ण काय काम करतो हे त्यांना कळले पाहिजे. आपल्याकडे काम विचारणे हा जात विचारण्याचा आडमार्ग आहे. म्हणून आपली माणसे ‘मजुरी’ एवढेच सांगून मोकळी होतात. रुग्णासोबत जाणाऱ्या कार्यकर्त्याने ते तपशिलाने सांगावे : किती ओझे, किती पायऱ्या, किती तास.

‘स्वयंचलित’ या शब्दाने दिपून जाण्याचे कारण नाही. यंत्र आपोआप चालते, ते माणसाने आखून दिलेल्या मर्यादेत. ती मर्यादा आखताना आपल्या श्रमाची नोंद झालीच पाहिजे.