टायरवरचे आकडे आधी वाचा, मग दुकानात जा

पार्ल्याच्या गल्ल्यांत सर्रास दिसणाऱ्या स्विफ्टच्या वरच्या मॉडेलांच्या टायरवर १८५/६५ आर १५ असा साइज असतो. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. बाजूच्या भिंतीची उंची तिच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १२० मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल आणि १५ हा रिमचा व्यास, इंचांत. पुढे ८८ एच असेल, तर तो टायर ५६० किलो भार आणि ताशी २१० किलोमीटर वेग सोसतो.

जाड टायर रुबाबदार दिसतो. पण एकूण व्यास वाढला, की स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू लागतो. कंपनीने दिलेलाच साइज घ्यावा. भारांक, म्हणजे वरच्या उदाहरणातला ८८, तर कधीच कमी नको.

मुंबईतल्या मिलन सबवेच्या परिसरात पावसाचे पाणी तुंबते. अशा ओल्या रस्त्यावर टायरच्या रुंदीपेक्षा खाचांची खोली जीव वाचवते. कारसाठी कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. मुंबईच्या पावसात ३ उरले की टायर बदलावेत, हे माझे ठाम मत.

उत्पादनाची तारीख टायरच्या बाजूवर छापलेल्या डीओटी कोडच्या शेवटच्या चार आकड्यांत असते: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. बिल देण्याआधी ती प्रत्येक टायरवर स्वतः तपासा.