अतिसारोत्तर ग्रहणी : आतड्यातील जीवाणू व मास्ट पेशींची भूमिका

इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, अर्थात आय.बी.एस., असे निदान लिहिलेला कागद घेऊन येणारे रुग्ण आपणा सर्वांच्याच परिचयाचे आहेत. रक्त, मल, सोनोग्राफी, दुर्बिणीद्वारे केलेली तपासणी, सारे काही निर्दोष असते. तरीही जेवण होताच पोटात मुरडा येतो, कधी द्रवमल तर कधी मलावष्टंभ होतो. अशा रुग्णास ‘हे मनाचे आहे’ असे सांगून परत पाठविले जाते. मनाचा संबंध आम्ही नाकारीत नाही. परंतु गेल्या दोन दशकांतील संशोधनाने या वेदनेचे शारीर अधिष्ठान बऱ्याच अंशी उलगडले आहे. त्याचा आपल्या चिकित्सेशी असलेला संबंध येथे मांडीत आहोत.

संसर्गानंतर सुरू होणारा व्याधी

कॅनडातील वॉकर्टन या छोट्या गावी मे २००० मध्ये पिण्याचे पाणी दूषित होऊन सुमारे २,३०० लोक आजारी पडले व ७ जण दगावले. या ग्रामस्थांचा पुढे अनेक वर्षे पाठपुरावा झाला. त्या वेळी तीव्र अतिसार झालेल्यांपैकी सुमारे १५ टक्के लोकांत आठ वर्षांनंतरही आय.बी.एस.ची लक्षणे होती. अतिसार न झालेल्यांत हेच प्रमाण सुमारे ५ टक्के होते. संसर्ग गेला, पण आतडे पूर्ववत झाले नाही.

असे का होते, याचा एक धागा इटलीतील बोलोन्या येथील संशोधकांनी २००४ मध्ये दाखविला. या रुग्णांच्या मोठ्या आतड्याच्या अंतस्त्वचेत मास्ट पेशी वाढलेल्या असून त्या मज्जातंतूंच्या जितक्या निकट, तितकी वेदना अधिक, असे त्यांस आढळले. या पेशींतून स्रवणारे हिस्टामिन मज्जातंतूंना उत्तेजित करते.

बेल्जियममधील लूव्हेन येथील गटाने २०२१ मध्ये पुढचा दुवा जोडला. उंदरांना आतड्याचा संसर्ग झाला असता त्याच काळात अंड्याच्या पांढऱ्या भागातील प्रथिन खाऊ घातले. संसर्ग बरा झाल्यावर तेच प्रथिन पुन्हा दिले असता उदरवेदना उत्पन्न झाली. त्या अन्नाविरुद्धची प्रतिपिंडे केवळ आतड्यापुरती तयार झाली होती. पुढे १२ रुग्णांच्या आतड्याच्या अंतस्त्वचेत गहू, ग्लूटेन, सोया व दूध यांचे अंश टोचले, तेव्हा प्रत्येकात निदान एका पदार्थास स्थानिक प्रतिक्रिया दिसली. ८ निरोगी व्यक्तींपैकी मात्र दोघांतच. रक्ताची ॲलर्जी चाचणी निर्दोष असूनही रुग्ण ‘अमुक खाल्ले की दुखते’ असे का म्हणतो, याचा उलगडा यातून होऊ शकतो.

जीवाणूही यात उदासीन नाहीत. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, काही रुग्णांच्या आतड्यातील क्लेबसिएला एरोजिनस हा जीवाणू स्वतःच मोठ्या प्रमाणात हिस्टामिन निर्माण करतो व मास्ट पेशींना आकृष्ट करतो, असे दिसून आले.

सुश्रुतोक्त निदान

अतिसार थांबल्यावरही अग्नी मंद असताना अहितकर आहार घेणाऱ्याची ग्रहणी दूषित होते, असे सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात सांगितले आहे. हे निरीक्षण वरील संशोधनाच्या किती जवळ जाते, हे सुज्ञ वाचकांस सांगणे नलगे. मात्र मास्ट पेशी म्हणजे आम किंवा जीवाणू म्हणजे अग्नी, अशी समीकरणे मांडण्याचा मोह आवरावा, असे आमचे मत आहे. प्रत्येक आय.बी.एस. ग्रहणी नव्हे आणि प्रत्येक ग्रहणी आय.बी.एस. नव्हे.

चिकित्सेतील बोध

जुलाब थांबला म्हणजे व्याधी संपला, असे मानू नये. अतिसारानंतरचा काळ हाच प्रतिबंधाचा काळ होय. शोधनानंतर आपण पेया, विलेपी, यूष असा संसर्जनक्रम देतो. त्याच धर्तीवर अग्नी पूर्ववत होईपर्यंत रुग्णास लघु आहारावर ठेवावे. औषधविक्रेत्या बंधूंनीही जुलाब थांबविणारी गोळी वा प्रतिजैविक मागणाऱ्यास ते परस्पर न देता वैद्याकडे पाठवावे.

जीर्ण रुग्णास दोन-तीन आठवडे आहाराची नोंद ठेवण्यास सांगावे. ग्रहणीत तक्र श्रेष्ठ खरे. परंतु दुधाने त्रास होणाऱ्यास ते अल्प मात्रेने देऊन पाहावे. गव्हाने त्रास होत असल्यास हिंगयुक्त चूर्णांकडे लक्ष द्यावे, कारण बाजारातील हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो. औषधनिर्मात्यांनी शुद्ध हिंगाचा आग्रह धरावा.

औषधांविषयी दावा जपून करावा. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या, १६९ रुग्णांवरील भारतीय अभ्यासात बिल्व व ब्राह्मी यांचा योग द्रवमलप्रधान रुग्णांत विशेष उपयुक्त ठरला. परंतु सहा महिन्यांहून अधिक काळच्या पाठपुराव्यात पुनरुद्भव रोखण्यात हा योग किंवा प्रचलित औषधे, दोन्ही निष्क्रिय गोळीहून सरस ठरली नाहीत. अर्थ स्पष्ट आहे: पथ्य सुटले की औषध एकटे पुरत नाही.

मलातून रक्त, वजन घटणे, ज्वर, पांडुता, झोपेतून उठविणारा अतिसार किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली लक्षणे असल्यास मात्र ग्रहणी म्हणून चिकित्सा करीत राहू नये. आंत्रक्षय, सिलियाक व्याधी व कर्करोग यांची शंका आधी दूर करून घ्यावी.

रुग्णाची वेदना खरी आहे, हे त्यास सांगणे ही चिकित्सेची पहिली पायरी होय. अतिसाराच्या प्रत्येक रुग्णास जुलाब थांबल्यावर आठवड्याने पुन्हा बोलावून त्याचा अग्नी तपासण्याचा परिपाठ आपण सर्वांनी ठेवावा, अशी आमची विनंती आहे.